सत्तेचाळीस वर्षांचे आंतोन लोपीस

आंतोन जुजे लोपीस ह्या गृहस्थांना मी त्यांच्या सख्ख्या नातवात मिसळून टाकलं आणि जे मिश्रण तयार झालं त्याचं वय सत्तेचाळीस ठरवलं. भर दुपारी, पूर्ण शुद्धीत, चहा पीत पीत. शिवाय कप खाली ठेवताना स्वतःशीच "शाब्बास, परब" असंही म्हणालो.

आंतोनकाका मला परके असते तर एक वेळ समजण्यासारखं होतं. पण तसं नव्हतं. नव्वदचं दशक संपत आलं होतं. वसईजवळ वालीवला प्लास्टिकची झाकणं बनवणाऱ्या एका कारखान्यात मी हिशेबनीस होतो. स्टोअरकीपरच्या जागेसाठी मुलाखती चालल्या होत्या आणि उमेदवारांना आत सोडण्याचं काम माझ्याकडे होतं. मी पुकारलं, "आंतोन जुजे लोपीस!" बाकावरून सत्तरीचे एक गृहस्थ उठले. मोठाले कान, खडू लावून पांढरे केलेले कॅनव्हासचे बूट, एका हातात केळ्यांच्या दोन फण्या आणि दुसऱ्या हातात दोन छत्र्या.

"अर्जात वय तेवीस आहे," मी म्हणालो.

"बरोबर आहे. तो दुसरा मी. त्याला ताप आलाय, म्हणून पहिला मी आलोय."

"अहो, पण मुलाखत त्याची आहे ना?"

"कागदावर नाव कुणाचं?"

"आंतोन जुजे लोपीस."

"मग उशीर कशाला करता?" असं म्हणून ते माझ्या आधी आत शिरले.

आत त्यांनीच शेटची मुलाखत घेतली. पगार वेळेवर होतो का, संडास आहे का, दुपारी जेवायला सावली आहे का. मग एक फणी शेटच्या टेबलावर ठेवली, एक माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "जागा बरी आहे. सोमवारपासून दुसऱ्याला पाठवतो." शेट इतका गडबडला की नाही म्हणायचं राहून गेलं. सोमवारी टोनी हजर झाला. पूर्ण नाव अर्थात आंतोन जुजे लोपीस. त्याला माझ्या शेजारचं टेबल मिळालं.

ह्या नावाचा उलगडा टोनीनंच मला केला. त्यांच्याकडे पहिल्या मुलाला आजोबांचं नाव ठेवतात, आणि त्यासाठी आजोबांनी आधी मरावं अशी अट नसते. आंतोनचा मुलगा जुजे, जुजेचा मुलगा आंतोन, त्याचा पुन्हा जुजे. म्हणजे एक पिढी सोडून तेच नाव, तेच बापाचं नाव, तेच आडनाव आणि तेच घर. आजोबा आणि नातू एकाच ओसरीवर बसून एकाच नावानं हाकेला ओ देणार. वाडीतल्या सगळ्यांना याची सवय होती. गोंधळ व्हायचा तो बाहेरच्यांचा. घरी फोन केला तर काका विचारायचे, "कोणता पाहिजे? म्हातारा बोलतोय. तरुण आंघोळीला गेलाय." एकदा डोळे तपासणीच्या शिबिराचं बोलावणं आलं, तेव्हा काका केळीच्या वाडीत पाणी लावत होते म्हणून टोनी गेला. डोळ्यांत औषध घालून घेतलं आणि दिवसभर समोरचं काही न दिसता झाकणं मोजत बसला. मी विचारलं, "अरे, तू का गेलास?" तर म्हणाला, "काय करणार अंकल, कागदावर नाव माझंच होतं."

काकांची दोन-दोन वस्तू घ्यायची खोड ह्यातूनच आलेली. चप्पल दोन जोड, छत्र्या दोन, दाढीचे ब्रश दोन. आपल्या गावी, गासला, जायला एसटीत चढले की "दोन गास" म्हणत हात पुढे करायचे, मग शेजारी पाहायचे आणि म्हणायचे, "एकच द्या. दुसरा मी कामावर आहे." कंडक्टर ओळखीचा असला तर आधीच एक फाडून तयार ठेवायचा.

इतकं सगळं मला ठाऊक होतं. पण माझा एक स्वभाव आहे. संगणकाच्या पडद्यासमोर बसलो की मला माणसं ठाऊक नसतात.

काकांनीच मला गासच्या शेतकऱ्यांच्या सोसायटीत नेलं. सोसायटीनं नवाकोरा संगणक घेतला होता. त्यावर कापडाचं आवरण, आवरणावर प्लास्टिक, आणि खोलीत शिरताना चपला बाहेर. चालवायला मात्र कोणी नव्हतं. "यंत्र आलंय, त्याला माणूस पाहिजे," काका म्हणाले. मी माणूस आहे अशी त्यांची तेव्हा समजूत होती.

चेअरमन होते निवृत्त शिक्षक बस्त्याव मास्तर. सोसायटीचा सुवर्णमहोत्सव होता. ख्रिस्ती सभासदांना सप्टेंबरच्या जत्रेला रेल्वेनं थेट तामिळनाडूत, वेलंकणी मातेच्या चर्चला न्यायचं आणि हिंदू सभासदांसाठी शिर्डीची बस करायची, असं ठरलं होतं. सगळा खर्च सोसायटीचा. वेलंकणीच्या गाडीसाठी नाव आणि वयाची यादी काढून द्यायची, एवढंच माझं काम. त्याबद्दल मलाही सहलीला यायचं आमंत्रण मिळालं. मी शिर्डी सोडून वेलंकणी निवडलं, कारण तिथे समुद्र आहे असं ऐकलं होतं. आंतोनकाकांच्या बायकोनं, फिलूबायनं, हे ऐकल्यावर विचारलं, "तुझ्या वसईत गच्चीवरनं दिसतो तो काय तलाव आहे का?"

यादी काढली आणि मी कपाळाला हात लावला. अर्धी नावं दोनदोनदा आलेली! माझी खात्रीच पटली की सभासदांची नावं ज्यानं संगणकात भरली त्यानं पेंगत पेंगत भरली. आता डेटाबेसला एक हुकूम देता येतो: सारख्या ओळी एकदाच दाखव. त्याला डिस्टिंक्ट म्हणतात. संगणकाच्या वर्गात शिकलो होतो, वापरायला हात शिवशिवत होते. दिला हुकूम. यादी जशीच्या तशी! कारण नावं सारखी असली तरी वयं वेगळी होती, त्यामुळे यंत्राच्या लेखी त्या ओळी सारख्या नव्हत्या. यंत्र जे सांगत होतं ते बहिऱ्यालाही ऐकू आलं असतं. शहाणा माणूस इथे थांबतो.

मी म्हटलं, वय भरतानाही ह्यानं चुका केल्यात. एकदा एकाहत्तर, एकदा तेवीस. ह्यातलं खरं कोणतं? मग मीच न्याय केला. एका नावाच्या सगळ्या ओळी गोळा करायच्या आणि वयाची सरासरी काढायची. कुणावर अन्याय नको! यंत्रानं क्षणात आज्ञा पाळली. यादी कशी सडसडीत झाली. खाली मी माझं नाव घातलं, सुहास गणपत परब, वय चौतीस, आणि यादी तिकिटं काढणाऱ्या एजंटाला पाठवून दिली. मास्तरांनी विचारलं, "यादी छोटी वाटते का हो?" मी म्हणालो, "मास्तर, जादाचं होतं ते काढलं." त्यांनी मान डोलावली. एवढं आवरण घातलेलं यंत्र खोटं कशाला बोलेल?

आरक्षण झालं आणि रविवारी चर्चमधली मिस्सा सुटल्यावर यादी सोसायटीच्या फळ्यावर लागली. मी मोठ्या अभिमानानं कडेला उभा होतो. पाहता पाहता लोक एकमेकांकडे वळून पाहू लागले. गावात म्हातारं कोणी उरलं नव्हतं आणि तरुणही. जो तो पंचेचाळीस ते पन्नासमधला. ज्या घरांत आजोबा-नातू दोघेही सभासद, तिथे दोघे मिळून एक मध्यमवयीन गृहस्थ झाला होता. मास्तर स्वतःच्या नातवात मिसळून सेहेचाळीसचे झाले होते. त्यांनी चष्मा पुसून ते पुन्हा वाचलं, आणि मला झापायला सुरुवात करण्याआधी क्षणभर त्यांच्या चेहऱ्यावर आनंद पसरला हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय.

बाकीच्या घरांत चार दिवसांत मिटलं. कुठे नातवाला जायचं नव्हतं, कुठे आजोबांना रेल्वेत झोप येत नव्हती. मास्तरांचा नातू आखातात होता. अडलं ते एका घरात.

आंतोनकाका संध्याकाळी माझ्या फ्लॅटवर आले. सोबत सुकेळी, म्हणजे उन्हात वाळवलेली केळी, दोन पुड्या. सोफ्यावर बसले आणि शांतपणे म्हणाले, "परब, हा सत्तेचाळीस वर्षांचा माणूस कुठे राहतो?"

"कोणता?"

"ज्याचं तिकीट काढलंत तो. माझं नाव लावतो, माझ्या घरात राहतो. मला भेटला नाही कधी."

मी यंत्र, टायपिंग, सरासरी असं काहीबाही बोलू लागलो. बायको, वैशाली, स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली, "काका, ह्यांना सोप्पं विचारा. नातू ह्यांच्या शेजारच्या टेबलावर बसतो, तरी ह्यांनी असं का केलं?"

काकांनी सुकेळ्याची पुडी सोडली, एक तुकडा माझ्या हातावर ठेवला. "आमच्या विहिरीवर पूर्वी रहाट होता. त्याला गाडगी बांधलेली असत. सगळी सारखीच, एकाच कुंभाराची. म्हणून कोणी म्हणालं नाही की एकच ठेवा, बाकीची जादा आहेत. सारखी होती म्हणूनच पाणी येत होतं, परब."

मग त्यांनी खरं काय अडलंय ते सांगितलं. टोनी दीड वर्षाचा असताना हातातून जायची वेळ आली होती. डॉक्टरांनी मान हलवली होती. तेव्हा काकांनी वेलंकणी मातेला नवस केला: पोर वाचलं तर मी स्वतः त्याला तुझ्या दारात घेऊन येईन. पोर वाचलं. मग एका वर्षी पाऊस आडवा आला, एका वर्षी टोनीची परीक्षा, एका वर्षी बायकोचं आजारपण. "आता माझे गुडघे बोलायला लागलेत," काका म्हणाले. "पुढच्या वर्षी जाता येईल असं मला कोण लिहून देतंय? तो एकटा जाऊन चालत नाही, मी एकटा जाऊनही चालत नाही. मी त्याला न्यायचंय. आणि तुम्ही आम्हा दोघांना एका बाकड्यावर झोपवलंत."

मास्तरांनी एजंटाकडे खेटे घातले. जत्रेचे दिवस, गाडी भरलेली. एकही जागा नाही.

तेव्हा काकांनी स्वतःच एक तोड काढली. एका तिकिटावर दोघांनी जायचं. टीसी आला की एक बर्थवर, एक संडासात. जो सापडेल तो सत्तेचाळीसचा दिसला पाहिजे, म्हणजे झालं. गासच्या न्हाव्याकडे जाऊन त्यांनी केस रंगवून घेतले, भुवया रंगवल्या, आणि उरलेला रंग फुकट जाऊ नये म्हणून कानांतले केसही रंगवले. टोनीनं मिशी वाढवली, पोटाला टॉवेल गुंडाळला आणि त्यावर आजोबांची पँट चढवली. सोसायटीच्या खोलीत दोघे शेजारी उभे राहिले तेव्हा फिलूबायनं दोघांना न्याहाळलं आणि म्हणाली, "एक रंगवलेला, एक फुगवलेला. नेऊन दाखवा मातेला."

रंगीत तालीम झाली. मास्तर टीसी झाले. चार बाकं जोडून डबा केला, संगणकाचं आवरण टांगून त्यामागे संडास केला. टोनी बाकावर, काका आवरणामागे. मास्तरांनी आवाज चढवला, "आंतोन जुजे लोपीस!"

"हां!" टोनी म्हणाला.

"हां!" आवरणामागून आवाज आला.

मास्तर म्हणाले, "आंतोनबा, तुम्ही गप्प बसायचं." पुन्हा तालीम. पुन्हा दोन हां. जागा बदलल्या, टोनी आत, काका बाहेर. तरी दोन हां. काकांच्या तोंडाला रुमाल बांधला, तर ते रुमालातून हुंकारले. सवय ती सवय. नावाची हाक आली आणि ओ दिली नाही असं त्या घरात कधी घडलंच नव्हतं.

काका घाम पुसत बाकावर बसले. काळा रंग कानाशी ओघळला होता. "असं नाही जमणार," ते हळू आवाजात म्हणाले. "हे नाव आम्ही दोघं टाकू शकत नाही. दोघांतल्या एकाला दुसऱ्याच कोणाचं तरी नाव घेऊन जावं लागेल."

फळ्यावर यादी होती. हळूहळू सगळ्यांच्या नजरा यादीवरून खाली उतरत शेवटच्या ओळीवर आल्या, आणि तिथून माझ्यावर.

मी लगेच मोठ्या मनानं माझं तिकीट देऊन टाकलं असं लिहायला मला आवडलं असतं. मी म्हणालो, "पण मी नवी बॅग घेतलीय."

"ती पण द्या," काका म्हणाले.

आणि अशा तऱ्हेनं त्या वर्षी सुहास गणपत परब, वय चौतीस, हे गृहस्थ रंगवलेल्या भुवयांनी वेलंकणीला गेले. सोबत सत्तेचाळीस वर्षांचे आंतोन लोपीस होते, त्यांच्या मिशीनं अजून नीट जोर धरला नव्हता. मी घरी राहिलो आणि वैशालीच्या आग्रहावरून गच्चीवर जाऊन समुद्र पाहिला.

प्रवासाची हकिकत नंतर मास्तरांनी सांगितली. टीसीनं कागदावर पाहिलं, काकांकडे पाहिलं, पुन्हा कागदावर पाहिलं. "परब? चौतीस?"

"हो."

"चौतीस दिसत नाही."

"वसईत राहतो," काका म्हणाले. "आमच्याकडचं पाणी खारट आहे. माणूस लवकर पिकतो."

टीसीची सासुरवाडी बहुधा नालासोपाऱ्याची असावी. त्यानं सहानुभूतीनं मान हलवली आणि पुढे गेला. चर्चच्या दारात काकांनी टोनीचा हात धरला, तेवीस वर्षांच्या मुलाचा, अगदी रस्ता ओलांडताना धरतात तसा, आणि आत नेलं. तिथे ते काय बोलले हे कुणाला ऐकू आलं नाही. बाहेर आल्यावर रंग गालांपर्यंत उतरला होता. मास्तर म्हणाले घामानं, टोनी म्हणाला घामानं नाही.

परत आल्यावर काका तडक माझ्याकडे आले. पवित्र तेलाच्या दोन बाटल्या, दोन मेणबत्त्या. "एक पहिल्या परबला, एक दुसऱ्या परबला," असं म्हणून एक संच स्वतःच्या पिशवीत परत ठेवला. तेव्हापासून त्यांनी मला अरेतुरे सुरू केलं. "आपल्याच माणसाला कोण तुम्ही म्हणतो?" आठवड्यानं पुन्हा आले. टीसीशी खोटं बोलल्याचं कुमसारात, म्हणजे पापाची कबुली देताना, सांगितल्यावर फादरनी त्यांना प्रार्थना म्हणायची शिक्षा दिली होती. "पाप परबच्या नावावर झालंय," काका म्हणाले. "अर्धी शिक्षा तुझी. माझी अर्धी म्हणून झाली."

"काका, मला तुमच्या प्रार्थना येत नाहीत."

"तुला काय येतं?"

"गणपतीची आरती."

"मग ती म्हण. वर कोणीतरी हिशेब जुळवून घेईल. तुझ्यासारखा नसला म्हणजे झालं."

मी आरती म्हटली. काका टाळ्या वाजवत बसले होते.

त्यानंतर बरीच वर्षं ते वाटेत भेटले की विचारायचे, "काय परब, आपला पगार वाढला का?" आणि नाही म्हटलं की खरोखरच खट्टू व्हायचे. टोनीचं लग्न झालं, मुलगा झाला, त्याचं नाव जुजे ठेवलं. काका त्या पोराला मांडीवर घेऊन म्हणायचे, "हा माझा बाप. लहानपणी फार रडका होता."

एका पावसाळ्यात काका गेले. चर्चची घंटा झाली, फाटकाशी फळ्यावर नाव लागलं, आणि टोनीला दिवसभर स्वतःच्या आजोबांच्या अंत्यविधीत लोकांना सांगत फिरावं लागलं की तो जिवंत आहे. वालीवहून आलेल्या शेटनं तर टोनीसाठीचा हार टोनीच्याच हातात दिला.

काही दिवसांनी मास्तरांचा फोन आला. सभासदांच्या नोंदीतून काकांचं नाव कमी करायचं होतं. मी म्हटलं, हे काम मी जातीनं करणार. सोसायटीत गेलो, चपला बाहेर काढल्या, संगणकासमोर बसलो. डोळे भरून आले होते. हुकूम लिहिला: आंतोन जुजे लोपीस ह्या नावाची नोंद काढ. बटणावर बोट ठेवलं. दाबलं. यंत्रानं खाली छोट्या अक्षरांत सांगितलं: दोन नोंदी काढल्या.

त्या वेळी मला ते वाचताही आलं नाही, डोळ्यांत पाणी होतं ना.

दुसऱ्या महिन्यात कारखान्यात टोनी माझ्या टेबलापाशी येऊन उभा राहिला. सोसायटीत खतासाठी गेला होता. त्याला सांगण्यात आलं की ह्या नावाचा सभासद वारला. "अंकल," तो म्हणाला, "आजोबा गेले. मी इथे बसतो. हे शेजारचं टेबल. रोज."

रविवारी मी गासला गेलो. फिलूबाय ओसरीवर मोगऱ्याच्या कळ्या निवडत होती. भिंतीला अजूनही दोन छत्र्या टांगलेल्या होत्या. मी तिच्या समोर बसलो, झाल्या प्रकाराची माफी मागितली, आणि सांगितलं की काकांची नोंद पुसताना मन भरून आलं होतं, त्यात हे झालं.

तिनं मान वर केली नाही. एक किडकी कळी काढून अंगणात फेकली.

"आमचे नेहमी सांगायचे," ती म्हणाली, "त्या अख्ख्या यादीत जादाचा माणूस एकच आहे, आणि नेमकी यादी त्याच्याच हातात दिलीय."